पेशंटला 'काम काय करता?' असं विचारलंस का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी बेळगावात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. पर्यावरण दिनानिमित्त वर्गातल्या मुलांची पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्याबद्दलची जागरूकता मोजायची प्रश्नावली आम्हाला करायला सांगितली आहे. ओझोन, हरितगृह वायू, हवेतले पीएम २.५ हे अतिबारीक कण असे तीस प्रश्न काढलेत. पण मुलं ते पाठ करून लिहितील असं वाटतं. खरी जागरूकता मोजायची कशी, वाढवायची कशी? आणि डॉक्टर म्हणून आम्हाला याचा उपयोग काय?"

तुझी शंका रास्त आहे. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उपयोग कळला की मोजायचं काय हे आपोआप कळतं.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एक चाळिशीतला माणूस खोकला आणि दम लागतो म्हणून यायचा. वजन उतरलेलं, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक बारीक ठिपके. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी टीबीचं औषध सुरू झालं. कोर्स पूर्ण झाला, फरक नाही. दुसरा कोर्स सुरू झाला, त्यावर सही माझी होती. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढंच लिहिलेलं, आणि मीही पुढे काही विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला त्याची बायको बरोबर आली. ती बोलता बोलता म्हणाली, "हेंच्या कपड्यातली रेती काय जात नाही बघा डॉक्टर, कितीबी धुवा. बालदीच्या बुडाला साठती की." तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं, तुम्ही काम काय करता? तो पंधरा वर्षं एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला होता. म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली रेती ग्राइंडरने घासून काढायची. तोंडाला रुमाल बांधून.

त्याला सिलिकोसिस होता. त्यावर औषध नाही. फुप्फुसात बसलेला दगडाचा चुरा बाहेर काढता येत नाही, नवा जाऊ नये एवढंच करता येतं, आणि तेच आम्ही केलं नव्हतं. दोन कोर्स होईपर्यंत तो रोज त्याच धुळीत जात होता. आणखी एक लक्षात ठेव, सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून अशा माणसात दोन्ही शोधायचे असतात, एक सापडला म्हणून दुसरा सोडायचा नाही.

उद्यमबाग, मच्छे या बाजूला किती फाउंड्र्या आहेत तू पाहिलंच असशील. बेळगावात शिकणाऱ्या मुलाच्या ओपीडीत फाउंड्रीतला कामगार कधी ना कधी येणारच. सिलिकोसिसवर टीप लिहा म्हटलं तर वर्गातली बरीच मुलं चांगली टीप लिहितील. पण समोर बसलेल्या माणसाच्या नखांत आणि कानामागे काळी धूळ दिसते का, ती कुठून आली हे विचारायचं सुचतं का, ते या टिपेतून समजत नाही. १७०० साली इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी लिहून ठेवलं की रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तुझा धंदा काय?' हा आणखी एक घाला. सव्वातीनशे वर्षं झाली, आणि आजही केसपेपरवर 'नोकरी', 'मजुरी', 'शेती', 'घरकाम' एवढ्यावर आपण थांबतो. 'घरकाम' या एका शब्दाखाली बिड्या वळणारी, वखारीत तंबाखू निवडणारी आणि काजू फोडणारी अशा तिघी लपलेल्या असतात.

आता जागरूकता म्हणजे काय, यावर माझं मत सांगतो. योग्य प्रश्न, पेशंटच्या शब्दांत, योग्य वेळी विचारता येणं म्हणजे जागरूकता. आमच्या भागात यातला 'पेशंटच्या शब्दांत' हा भाग फार महत्त्वाचा आहे.

गरोदर बाईला विचार, "तंबाखू खाता का?" ती म्हणेल, "छे!" आणि ती खोटं बोलत नाही. मग विचार, "मिश्री लावता का?" "लावतो की, सकाळी दात घासायला. दुपारी एकदा." मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच, पण तिच्या लेखी ते दंतमंजन आहे. गरोदरपणात तंबाखू कोणत्याही रूपात पोटात गेला तरी बाळाचं वजन कमी भरू शकतं, आणि आपण मात्र त्या बाईच्या कागदावर 'व्यसन नाही' असं लिहून मोकळे होतो.

तसंच चुलीचं. "स्वयंपाक कशावर करता?" उत्तर येतं, "गॅसवर." उज्ज्वला योजना २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर घरोघर आहे, उत्तर खरं आहे. पण "आंघोळीचं पाणी कशावर तापवता?" असं विचारलं की बंब बाहेर येतो. पहाटे पाचला मागच्या पडवीत बंब पेटतो. त्यात शेणी, उसाचं पाचट, नारळाच्या झावळ्या आणि पेटायला सोपं म्हणून प्लास्टिकची पिशवी, कधी जुन्या चपलेचा तुकडा. आजी तिथेच बसून फुंकणीने फुंकते. त्याच आजीला आयुष्यात बिडी न ओढता दम्यासारखा आजार कसा, म्हणून आपण चक्रावतो. पीएम २.५ चा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीत जरूर असू दे: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाची सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपल्या देशात २००९ पासून ती ४० आहे. पण त्याच्या खाली बंबाचा प्रश्नही घाल. आकडा माहीत असलेल्यांपैकी किती जणांना त्या आकड्याचा आणि आपल्या मागच्या पडवीचा संबंध लागतो, तेही कळेल.

'औषध' हा शब्द तर सगळ्यात फसवा. "काही औषध घेता का?" या प्रश्नाला शेतकरी 'नाही' म्हणतो. "औषध मारायला गेला होता का?" म्हटलं की होय. मराठीत औषध मारतात, कन्नडमध्येही 'औषधी' मारणंच म्हणतात. मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, आणि सकाळी पाठीवर पंप घेऊन फवारणी. हे दोन धागे जोडले गेले नाहीत तर कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं ॲट्रोपीन द्यायला उशीर होतो, आणि त्या उशिराने माणूस जातो.

निपाणी भागात याच्याजवळ जाणारा दुसरा आजार आहे, तो मात्र मुलांना सहसा माहीत नसतो. तंबाखूचे शेंडे खुडताना, बगलफुटी काढताना, विशेषतः पानावर दव असताना किंवा अंगातले कपडे घामाने भिजलेले असताना, पानातलं निकोटीन कातडीतून रक्तात जातं. संध्याकाळी चक्कर, उलट्या, डोकं गरगरणं, थंडी वाजणं. घरी म्हणतात पित्त झालं, दवाखान्यात पित्ताची गोळी मिळते, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि परत शेतात. याला इंग्रजीत ग्रीन टोबॅको सिकनेस म्हणतात. यात तंबाखू कधीच न खाणाऱ्याला जास्त त्रास होतो, कारण त्याच्या शरीराला निकोटीनची सवय नसते. शाळेच्या सुट्टीत आईबरोबर शेतात गेलेल्या बारा वर्षांच्या मुलीला उलट्या होतात, त्याचं कारण हे असू शकतं. उपाय साधे आहेत: ऊन पडून दव सुकल्यावर कामाला लागायचं, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, कपडे ओले झाले की बदलायचे, घरी आल्यावर साबणाने अंग धुवायचं. पण हे सांगायला आधी आजार ओळखायला हवा.

तुझ्या स्वतःच्या तालुक्यातलं उदाहरण म्हणजे माकडताप. हा विषाणू १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, म्हणून पुस्तकात त्याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. पुढे २०१५-१६ च्या सुमारास तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसू लागला. हे दोन्ही तालुके खानापूरच्या जंगलाला लागून आहेत, आणि काजूच्या हंगामात आपल्याकडची माणसं बागांत कामाला जातात. गोचीड चावून हा ताप येतो, बहुतेक रुग्ण डिसेंबर ते मे या काळात सापडतात, म्हणजे नेमका पालापाचोळा गोळा करायचा आणि काजू वेचायचा काळ. ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी: पहिला विचार डेंग्यूचा येतो. मग विचारायचं काय? "गेल्या पंधरा दिवसांत रानात गेला होता का? कामाला कुठे गेला होता? माकड मेलेलं दिसलं का?" शेवटचा प्रश्न मुलांना विचित्र वाटतो, पण जंगलात माकडं मरू लागणं ही माणसांत ताप येण्याआधीची खूण असते. गुराख्याला ते डॉक्टरच्या आधी माहीत असतं, त्याला विचारणारं कोणी नसतं.

पाण्यावर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण मुलांच्या मनात पाणी म्हणजे 'उकळून प्या' एवढंच असतं.

आधी उकळण्याचंच सांगतो. ऊसपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खतामुळे नायट्रेट वाढलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. तान्ह्या बाळाला असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं तर बाळ निळं पडू शकतं. तिथे 'पाणी उकळून घ्या' हा आपला ठरीव सल्ला उपयोगाचा नाही, पाणीच दुसरं बघायला हवं.

आता विहीर. ब्लिचिंग पावडर टाकतात हे सगळ्यांना माहीत असतं. किती टाकायची, हे विहिरीच्या काठावर उभं राहून काढायला सांगितलं की गडबड होते. व्यास मीटरमध्ये मोज, त्याचा वर्ग कर, पाण्याच्या खोलीने गुण, ३.१४ ने गुण, ४ ने भाग. आलं ते घनमीटर, हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाची विहीर आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर सत्तर ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, ते चाचणी करून ठरवायचं. पावडर थेट विहिरीत भिरकावायची नाही. बालदीत थोड्या पाण्यात आधी लगदा कर, मग बालदी पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळ, पाच-दहा मिनिटं ठेव. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बालदीत ओत, ती दोराने पाण्याखाली सोड आणि वरखाली हलव. खालचा चुना विहिरीत जाता कामा नये, तो पाणी जड करतो. तासाभराने पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो या मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा मिनिटांनी बघितलास तर पाण्यातल्या घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही त्यात मिसळून दिसेल आणि तू फसशील.

हे सगळं नीट करूनही एका गावात आमच्या पाण्यात रंग येईना. जुलाबाच्या केसेस येतच होत्या, विहिरीचा हिशेब बरोबर, बालदी बरोबर. शेवटी पावडर ठेवली होती त्या खोलीत गेलो. पोत्याचं तोंड उघडं, वरून पावसाची ओल, पावडरचे गोळे झालेले, आणि खोलीत क्लोरीनचा वासच नव्हता. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि उघडी राहिली की तो हवेत जातो. आठ दिवस आम्ही विहिरीत नुसतं चुन्याचं पाणी ओतत होतो. नवी, बंद पोती आणली, दुसऱ्या दिवशी रंग आला. हे कुठल्या व्याख्यानात कळलं असतं?

पुराचं वेगळं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्याच चढल्या होत्या. चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाक या भागांतली गावं पाण्यात होती, आणि २०२१ च्या जुलैला परत तीच पाळी आली. पाणी ओसरल्यावरचे पंधरा दिवस डॉक्टरच्या परीक्षेचे. चिखल काढणाऱ्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत कळ म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, विचार पहिला. घरात शिरलेले साप कपाटामागे, लाकडाच्या ढिगात बसलेले असतात. २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंश नोंदवण्यायोग्य आजार ठरवला, म्हणजे दंशाची नोंद करून कळवणं आता बंधनकारक आहे. ही नोंद करणं म्हणजे कारकुनी नव्हे. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात सर्पविषावरचं इंजेक्शन किती ठेवायचं हे त्यावरून ठरवता येतं. कामावरून होणाऱ्या आजारांचंही असंच आहे: सिलिकोसिससारखे आजार कारखाना निरीक्षकांना कळवायची जबाबदारी १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेच डॉक्टरवर टाकली होती. त्या फेटलिंगवाल्याच्या वेळी मला ते माहीत नव्हतं. कळवलं असतं तर त्याच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांची तपासणी तरी झाली असती.

आणि शहरातल्या मुलांनी हे खेड्याचं प्रकरण समजू नये. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की वडगाव, येळ्ळूर बाजूच्या शिवारात शिरतो. शहराचं सांडपाणी घेऊन आलेल्या त्या पाण्यात आमच्या बायका गुडघाभर उभ्या राहून भाताची लावण करतात. तुझ्या वर्गातल्या किती जणांना आपल्या होस्टेलच्या संडासाचं पाणी कुठे जातं ते माहीत आहे? हा मी प्रश्नावलीतला पहिला प्रश्न करीन.

बाकीचेही याच धर्तीवर. वॉर्डातली पिवळी पिशवी उचलल्यावर कुठे जाते? जैववैद्यकीय कचरा प्रक्रियेशिवाय ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही हा २०१६ चा नियम आहे, तर शनिवारी संध्याकाळी भरलेली पिशवी सोमवारी कुठे असते? बेळगावच्या नळाला पाणी कुठून येतं? (राकसकोप आणि हिडकल एवढं तरी यायला हवं.) तू शेवटचा केसपेपर लिहिलास त्या पेशंटचा धंदा काय होता? टिळकवाडीतलं व्हॅक्सीन डेपो हे नाव कशावरून पडलं? मुलं तिथे सकाळी धावायला जातात. तिथे देवीची लस तयार होत असे, आणि देवीचा रोग आज जगात नाही, हे माहीत असलेलं मूल धावताना त्या झाडांकडे वेगळ्या नजरेने बघेल. पाठ करून या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. जाऊन बघावं लागतं, निदान कुणाला तरी विचारावं लागतं.

तुझे तीस प्रश्न फेकून देऊ नकोस. त्यातले दहा ठेव, दहा असे घाल, आणि मग दोन्ही गुण वेगवेगळे मांड. त्या दोन आकड्यांमध्ये फरक पडला तर विभागापुढे ठेवायला तोच तुझा निष्कर्ष. एक मात्र कर: जुन्या केसपेपरांतले पन्नास काढून व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मोज, परवानगी घेऊन आणि नावं झाकून. मुलं काय म्हणतात त्यापेक्षा काय करतात ते त्यातून दिसेल.

वाढवायचं कसं, याला तुमच्या अभ्यासक्रमातच जागा आहे. २०२१-२२ च्या बॅचपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू झाला, प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली तीन ते पाच कुटुंबं मिळतात. बऱ्याच ठिकाणी ते बीपी मोजून फॉर्म भरण्यावर थांबतं. त्याच भेटीत पहाटे बंब पेटतो तेव्हा जा, पाणी आणायला जातात तेव्हा बरोबर जा, शेतात डबा पोचवायला जा. वर्षातून एकदा तरी हिवाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. फॉर्मवर नसलेलं किती काही दिसतं.

भाषेचंही बोलतो. आपल्या भागात एका वॉर्डात एक कॉट मराठी, शेजारची कन्नड, पलीकडची उर्दू बोलणारी. मराठी मुलांनी कन्नड शिकावं, कन्नड मुलांनी मराठी, बाहेरून आलेल्यांनी दोन्हीतलं थोडं थोडं. दुखणं माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो. मिश्री, बंब, औषध मारणं, वखार, फेटलिंग असे शंभर शब्द दोन्ही भाषांत लिहिलेली एक वही तुमच्या बॅचने केली, तर पुढच्या बॅचला कुठल्याही पोस्टरपेक्षा ती जास्त कामाला येईल.

पोस्टर स्पर्धा असेलच, ती होऊ दे. पण ५ जून म्हणजे आपल्याकडे पाऊस दारात आलेला असतो. त्या सकाळी वीस मुलांना घेऊन एका विहिरीवर जा. मोजपट्टी, दोर, दोन बालद्या, तराजू आणि बंद पोत्यातली पावडर एवढं पुरे. क्लोरोस्कोप (रंगावरून क्लोरीन मोजायचं साधन) विभागाच्या कपाटात असेल. ऑर्थोटोलिडिनच्या बाटलीवरची तारीख आधी बघ, जुनी असली तर मेअखेरीलाच नवी मागवून घे.